अकरा जणांचा श्वास

फुंकरदादाला गावात मान होता, पण तो मान कशाबद्दल, हे कुणी चारचौघांत सांगत नसे. चहाच्या टपरीवर तो आला की बाकावर जागा व्हायची. कुणी विचारायचं, "काय दादा, तब्येत बरी ना? जपा हो." आणि हे विचारणाऱ्याच्या स्वतःच्या छातीतून शिट्टी वाजत असायची. दादाला कळायचं, की जपायला सांगतात ते दादाला नाही, दादाच्या छातीला.

दादा भांड्यांना डाग देणारा. कळशीला भोक पडलं, कंदिलाची टाकी गळायला लागली, की पूर्वी सगळं गाव त्याच्याकडे यायचं. काम मोठं नाजूक. पितळेची वाकडी फुंकणी ओठात धरायची, दिव्याची ज्योत त्या भोकावर वळवायची आणि कथील वितळून बसेपर्यंत फुंक तुटू द्यायची नाही. नाकाने श्वास घेत राहायचं, गालातली हवा सोडत राहायची. फुंक जास्त झाली तर ज्योत विझते, कमी पडली तर कथील गोठतं. चाळीस वर्षं त्याने हेच केलं. फुंकर हे नावही त्यातूनच पडलं.

मग डोंगराला क्रशर लागला. दगड फोडून खडी करायची आणि ती कुठल्या तरी लांबच्या रस्त्यांना पाठवायची. गावाला बरे दिवस आले, ते नाकारण्यात अर्थ नाही. घरं पक्की झाली. पोरी शिकायला बाहेर गेल्या. दारोदारी मोटरसायकली आल्या. भांडं गळलं की लोक नवं आणू लागले आणि दादाची फुंकणी खुंटीला टांगली गेली. क्रशरच्या फाटकावर मोठा फलक लागला, त्यात हसणारी माणसं होती आणि खाली लिहिलं होतं, 'प्रगतीची वाट इथून जाते.' पांढऱ्या धुळीने तो फलक महिन्याभरात इतका माखला, की हसणाऱ्यांचे नुसते दात दिसायचे.

चार वर्षांपूर्वी वरून नियम आला. वर्षातून एकदा प्रत्येक कामगाराचा श्वास मोजायचा. एक नळी असते, तिच्यावर काटा असतो. जोरात फुंकलं की काटा सरकतो. हिरव्यात गेला तर कामावर. पिवळ्यात थांबला तर सहा महिने घरी. लालमध्ये राहिला तर मोठ्या दवाखान्यात रवानगी आणि चौकशी. मुकादमाने आदल्या दिवशी नळी आणून सगळ्यांची तालीम घेतली, तेव्हा दादाच्या धाकट्या भावाचा काटा पिवळ्यात अडकला. धाकटा धापा टाकत थेट दादाकडे आला. म्हणाला, "दादा, तुझ्या फुंकेला तोड नाही. माझ्या बिल्ल्यावर तू फुंक."

हे जमायचं कसं, तर अगदी सोपं. क्रशरवरची माणसं पाळीवरून सरळ चाचणीला यायची. डोक्यावर हेल्मेट, तोंडाला फडकं आणि नखशिखांत पांढरी धूळ. त्या धुळीत बाप कोण, लेक कोण, आईलाही ओळखू आलं नसतं. दादाने ओंजळभर दगडाची भुकटी अंगाला फासली, भावाचा बिल्ला छातीला लावला आणि नळीत फुंकलं. काटा हिरव्यात. पुढच्या वर्षी त्याने तिघांसाठी फुंकलं, मग सात जणांसाठी, आणि गेल्या वर्षी अकरा. दादा कारागीर माणूस. सगळ्यांना सारखा आकडा दिला तर संशय यायचा, म्हणून तो धडधाकट दिसणाऱ्याला जरा जास्त द्यायचा, वयस्काला जरा कमी. काटा हवा तिथे थांबवायचा. मुकादमाला सगळं ठाऊक होतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणून तो गप्प होता. त्यालाही माणसं हवीच होती.

यंदाही चाचणीचा दिवस आला, तो ऐन वाऱ्याच्या महिन्यात.

आदल्या सकाळी धाकटा ओट्यावर बसून खोकत होता. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकलेले, मान खाली. खोकला संपला की तो थोडा वेळ तसाच बसायचा, जणू काही झालंच नाही अशा थाटात. त्याची बायको स्वयंपाकघरात फ्रिज पुसत होती. रोज सकाळ-संध्याकाळ पुसायची आणि रोज फडकं पांढरं व्हायचं. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली चार हिरवे कागद लावले होते. चार वर्षांचे, एकाखाली एक. प्रत्येकावर धाकट्याचं नाव आणि 'कामास योग्य' असा शिक्का.

"यंदा दुसरं मशीन येतंय," धाकटा म्हणाला. "साहेब काल सगळ्यांसमोर बोलले. म्हणाले, या गावच्या माणसांची तब्येत एक नंबर, कागद बोलतात, म्हणून मंजुरी मिळाली. आणि मला मशीनवर घेणार आहेत, दादा. दगड ओढणं बंद. नुसती बटणं."

"धूळ बटणांना घाबरते का?" दादाने विचारलं.

"तुझं आपलं काहीतरीच." धाकटा हसायला गेला आणि त्याला परत खोकला आला. डोळ्यांत पाणी आलं. मग त्याने खिशातून बिल्ला काढला, फडक्याने पुसला आणि दादाच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. "उद्या दहाला. यंदा एक नवा धरून परत अकराच, त्यात माझाच नंबर पहिला आहे. यंदा नवीन डॉक्टरबाई आहे म्हणे, जरा सांभाळून."

दादाने बिल्ला उचलला नाही, आणि नाहीही म्हटलं नाही. या भावाला त्याने आई गेल्यावर खांद्यावर खेळवलं होतं. त्याला नाही म्हणायची सवयच दादाच्या जिभेला नव्हती. स्वयंपाकघरातलं फडकं मात्र मध्येच थांबलं होतं, हे दादाच्या कानाने टिपलं.

दादाची कामाची खोली डोंगराच्या पलीकडच्या अंगाला, ओढ्याजवळ होती. तिकडे धूळ कमी. सवयीने तो रोज जायचा, दिवा पुसायचा, फुंकणी घासायचा आणि गिऱ्हाईक नाही म्हणून परत यायचा. त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक आलं. ड्रिलवाल्याची बायको. ड्रिलवाला म्हणजे डोंगराला भोकं पाडणारा. गेल्या पावसाळ्याआधी गेला. शेवटचे दोन महिने त्याला आडवं होता येत नव्हतं, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायचा.

बाईने बुड गळणारी बादली दादापुढे ठेवली. दादाने दिवा पेटवला, फुंकणी ओठात धरली. ती समोरच बसून राहिली.

"क्रशरच्या ऑफिसात जाऊन आले," ती म्हणाली. "तिसऱ्यांदा. तासभर फाटकाबाहेर उभं केलं. मग आतल्याने एक कागद दाखवला. म्हणाला, बाई, तुमच्या माणसाची छाती उत्तम होती. हिरव्यात होती. धुळीने गेला असं कसं म्हणता? घरी काहीतरी खाल्लं-प्यायलं असेल."

दादा फुंकत होता. बोलता येत नव्हतं, हे त्याला त्या वेळी बरंच वाटलं.

"पाचशे दहा आकडा होता." बाईचा आवाज चढला नाही. "माझ्या माणसाला मरायच्या सहा महिने आधी मेणबत्ती विझवता येत नव्हती, भाऊजी. मी काय त्यांना सांगणार? तो श्वास कुणाचा होता, ते सांगू? मग बाकी दहा जणांच्या बायका मला गावात राहू देतील?"

ज्योत हलली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा दादाची फुंक मध्येच तुटली आणि कथिलाचा गोळा वाकडा गोठला. त्याने तो खरवडून काढला, पुन्हा तापवला, पुन्हा फुंकलं. बादली दिली तेव्हा बाई मजुरी काढू लागली.

"राहू दे," दादा म्हणाला.

"का राहू दे?" ती म्हणाली. "काम केलंत ना?" आणि पैसे दगडावर ठेवून ती गेली. दादाला वाटलं, तिने थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पाचशे दहा. हा आकडा त्याला आठवत होता. ड्रिलवाला अंगाने दांडगा दिसायचा म्हणून त्याला मुद्दाम जरा जास्त दिला होता. हौसेनं दिला होता. आपल्या कसबाचा गर्व वाटला होता त्या वेळी.

दुपार कलली तेव्हा भावजय आली. डोक्यावर पदर, हातात डबा. डबा हे निमित्त होतं. जेवण दादा घरूनच करून निघाला होता.

"भाऊजी, उद्या फुंकू नका."

दादा फुंकणी घासू लागला.

"तुम्ही त्यांचा खोकला ऐकता. मी त्यांची पाठ बघते. अंघोळीला बसले की बरगड्या मोजता येतात. जिना चढताना मधल्या पायरीवर थांबतात आणि मला म्हणतात, चप्पल निसटली. रोज एकाच पायरीवर चप्पल निसटते का कुणाची?" ती बसली नव्हती, उभ्यानेच बोलत होती. "मला फ्रिज नको. घर आहे तसं अर्धं बांधलेलं राहू दे. पोरीचं शिक्षण बघू कसं ते, मी शिवणकाम करीन. पण माणूस राहिला पाहिजे."

"त्याला सांगितलंस?"

"सांगितलं. म्हणाले, तुला काय कळतं, कागद बघ. तो हिरवा कागद दाखवतात मला. रोज बघून बघून त्यांना तो खराच वाटायला लागलाय." तिचा आवाज फाटला. "मी सांगितलं असं त्यांना कळू देऊ नका. घरात राहणं कठीण होईल."

"पिवळ्यात थांबवतो," दादा म्हणाला. "सहा महिने घरी बसेल. छाती जरा मोकळी होईल. वयामुळे माझाच श्वास कमी पडला असं सांगेन त्याला. कुणाचं नाव नको नि बोभाटा नको."

भावजय डबा तिथेच ठेवून गेली. दादालाही जरा हलकं वाटलं. साप मरेल आणि काठीही मोडणार नाही, असा त्याचा हिशोब. भित्र्या माणसाचे हिशोब असेच सरळ असतात.

दुसऱ्या दिवशी दहाला क्रशरच्या ऑफिसबाहेर रांग लागली. वारा सुटला होता. मशीन चालूच होतं, त्याचा आवाज बुटांतून पायांत चढत होता. दादा शेडमागे भुकटी फासून, हेल्मेट घालून, फडकं बांधून उभा राहिला. बाकीचे दहा जण लांब सावलीत बसले होते, आपापले बिल्ले मुठीत धरून. धाकटाही त्यांच्याशेजारी होता. त्याने दादाकडे बघून हळूच अंगठा वर केला.

आत टेबलामागे डॉक्टरबाई होती. तरुण, डोळ्यांखाली काळं, समोर जाडजूड वही. बाजूला मुकादम खुर्चीत. कोपऱ्यात पाण्याचा माठ आणि तांब्या.

"बिल्ला क्रमांक?"

दादाने सांगितला.

"फडकं काढा. पूर्ण श्वास घ्या आणि एका दमात सोडा. काळजी करू नका, घाई नाही."

इतक्या प्रेमाने या खोलीत आजवर कुणी बोललं नव्हतं. दादाने नळी ओठांत धरली. छाती भरली. आणि मग कथिलाला लागते तेवढीच, बेताची फुंक सोडली. काटा सरकला आणि पिवळ्याच्या मधोमध, अगदी नेम धरल्यासारखा थांबला.

बाईने पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. तिने त्याच्याकडे जरा निरखून बघितलं. मग वहीत लिहिलं, हिरवा कागद ओढला आणि त्यावर शिक्का मारला.

"हा पिवळा आहे ना?" दादाच्या तोंडून निघून गेलं.

"हो. पण यंदापासून कंपनीने मर्यादा खाली आणली आहे," ती म्हणाली. कागदाकडे बघून म्हणाली, दादाकडे नाही. "पिवळ्यातही कामावर ठेवायचं. लाल असेल तरच घरी."

"नवीन मशीनला माणसं लागतात, बाबा," मुकादम हसत म्हणाला. "मजा आहे तुमची. चला, पुढचा."

हिरवा कागद दादाच्या हातात आला. 'कामास योग्य.' फ्रिजवरचा पाचवा. दादाचे पाय दाराकडे वळले आणि दारातच थांबले. बाहेर सावलीत धाकटा उठून उभा राहिला होता, चेहरा उजळलेला. त्याच्या मागे डोंगर होता, अर्धा खाल्लेला.

आता बाहेर पडलं की संपलं. काठी तर मोडली नव्हतीच, आणि सापही मेला नव्हता.

दादा परत वळला. कोपऱ्यात गेला, तांब्या भरला आणि तोंडावर ओतला. मग दुसरा. पांढरं पाणी हनुवटीवरून, छातीवरून, बिल्ल्यावरून वाहत फरशीवर सांडलं. धुळीखालून साठीला टेकलेल्या माणसाचा, गाल सैल पडलेला चेहरा बाहेर आला.

"बाई, हा बिल्ला माझा नाही," तो म्हणाला. "मी इथला कामगारच नाही. श्वास माझा आहे, माणूस दुसरा आहे."

मुकादम ताडकन उठला. "म्हातारा भ्रमिष्ट आहे, बाई. उन्हात बसतो. ए, चल बाहेर हो."

"बसा तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण मुकादम बसला. "ज्याचा बिल्ला आहे त्याला बोलवा."

धाकटा आत आला तो आधी दादाच्या ओल्या चेहऱ्याकडे बघतच राहिला. मग त्याला समजलं. त्याच्या कपाळाची शीर फुगली.

"काय केलंस तू?" तो म्हणाला. "दादा, काय केलंस? माझ्या घरावर नांगर फिरवलास. सख्ख्या भावाने."

"हो," दादा म्हणाला.

"फुंका," बाईने नळी पुढे केली.

"फुंकतो की. मला काय झालंय?" धाकट्याने नळी हिसकावून घेतली. खांदे वर गेले, मानेच्या शिरा ताणल्या, छाती भरली असं वाटलं, आणि त्याने जिवाच्या आकांताने फुंकलं. काटा जरासा हलला. लालच्या तळाशी. त्याने नळीकडे बघितलं, झटकली, पुन्हा फुंकलं. तेवढाच. तिसऱ्यांदा फुंकताना खोकला आला, तो टेबलाला धरून वाकला आणि खोकला थांबेना. दादाने पाठीवर हात ठेवला. धाकट्याने तो झिडकारला. दादाने परत ठेवला.

खिडकीला दहा चेहरे लागले होते. सगळे पांढरे, सगळे सारखे. मग त्यातला एक थुंकला आणि म्हणाला, "पोटावर पाय दिला साल्याने." दोघे बिल्ले खिशात टाकून निघून गेले. बाकीचे तिथेच राहिले, जावं की थांबावं ते न कळून.

"गेल्या वर्षी याचा हिरवा कुणाचा होता?" बाईने विचारलं. तिच्या हातात जुनी वही होती.

"माझा."

"आणखी कुणाचे?"

दादाने खिडकीकडे बघितलं. तिथल्या माणसांची नावं घेणं त्याच्याच्याने झालं नाही. "जे जिवंत आहेत त्यांचं त्यांना विचारा," तो म्हणाला. "मेलेल्याचं मी सांगतो. ड्रिलवाला. पाचशे दहा. तो माझा आहे. वहीत तसं लिहा, मी खाली सही करतो. त्याची बायको तीनदा येऊन गेली आहे."

मुकादम फोन लावत बाहेर पळाला. बाईने पेन उघडलं. तिने सगळं लिहिलं आणि वही दादापुढे फिरवली. दादाने सही केली. ओल्या हाताने कागद जरा फाटला. मग बाईने त्याच्याकडून हिरवा कागद परत घेतला आणि धाकट्याच्या हातात लाल ठेवला.

घरी जायची वाट चढाची. धाकटा पुढे आणि दादा वीस पावलं मागे. धाकटा एकदा थांबला, वाकला, चप्पल नीट केली. दादाही थांबला. तो चालू लागला की दादाही चालू लागला. दुसऱ्यांदा थांबला तेव्हा त्याने चपलेला हात लावला नाही, नुसता उभा राहिला. तिसऱ्यांदा तो रस्त्याकडेच्या दगडावर बसला. दादा जवळ गेला आणि उभा राहिला.

"आता खायचं काय?" धाकट्याने जमिनीकडे बघत विचारलं.

"माहीत नाही."

"चार वर्षांपूर्वी पिवळा होता माझा. त्यानंतर मी फुंकलोच नाही." तो शब्दाशब्दाला थांबत होता. "दरवर्षी हिरवा यायचा. मला माहीत होतं तो तुझा आहे, दादा. पण घरी गेलं की वाटायचं, माझाच आहे. खोकला म्हणजे नुसता खोकला. कागद हिरवा आहे ना." त्याने वर बघितलं. डोळे लहानपणी पडून रडला की व्हायचे तसे झाले होते. "इतका कमी असेल असं वाटलं नव्हतं रे."

दादाला रडू फुटलं. तो भावाशेजारी दगडावर बसला आणि तोंडावर गळ्यातलं फडकं घेऊन रडला. धाकटा त्याला थांब म्हणाला नाही.

घरी भावजय दारातच उभी होती. बातमी आधीच पोचली असणार, कारण शेजारच्या दोन दारांच्या कड्या धाडकन लागल्या. तिने एकदा नवऱ्याकडे बघितलं, एकदा थोरल्या दिराकडे, आणि बाजूला झाली.

धाकटा सरळ स्वयंपाकघरात गेला. फ्रिजवरचे चारही हिरवे कागद त्याने काढले आणि दादाच्या हातात दिले. मग खिशातून घडी केलेला लाल कागद काढला, उलगडला, तळहाताने सपाट केला आणि चुंबकाखाली लावला.

"हा माझा आहे," तो बायकोला म्हणाला, आणि भिंतीला धरून हळूहळू खाली बसला.